अकराव्या प्रश्नाचं उत्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मिरजेच्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा ह्या एका गोष्टीला वळसा घालून पुढे जाते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की ओळख नसतानाही तुम्ही वाचायला बसलात, म्हणून? ठाऊक नाही.

ह्या आठवड्यात मी तीनदा लिहायला बसले. तिन्ही वेळा पाध्येसाहेब किती चांगले होते तिथून सुरुवात केली, दोन पानं लिहिली आणि फाडली. त्यांच्या चांगुलपणाबद्दल बोलत राहणं ही माझी जुनी युक्ती आहे. ते चालू असलं की माझ्याबद्दल कुणी काही विचारत नाही. चार महिन्यांपूर्वी ते गेले. इकडे जयपुरात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी ‘तीये की बैठक’ असते — ओळखीचे सगळे पांढऱ्या कपड्यांत येतात, तासभर बसतात, उठून जातात. तिथेही मला दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि मी बोलले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. त्या पाण्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

पण ते कोण होते हे थोडं तरी सांगावं लागेल. नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही.

विनायक पाध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर होते. त्यांचे वडील टपाल खात्यात बदली होऊन जयपूरला आले. साहेबांचा जन्म इथलाच. घरात मराठी, दाराबाहेर सगळं हिंदी. त्यामुळे त्यांच्या मराठीत नपुंसकलिंग नव्हतंच. ‘तो पत्र’, ‘तो टेबल’, ‘माझा घर’ — आणि दर दुसऱ्या वाक्यात एक ‘मतलब’. मी मराठी घेऊन एम. ए. झालेली. पहिले काही महिने मनातल्या मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करायची. पुढे ती तशीच आवडायला लागली.

माझे यजमान बँकेत. बदलीने इथे आलो आणि इथलेच झालो. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी साहेबांकडे काम धरलं, ते एकोणीस वर्षं केलं. ऑफिस टोंक रोडवर, गोपालपुऱ्याच्या वळणाजवळ, एका कोचिंग क्लासच्या वर. दिवसभर जिन्यात मुलांची पळापळ. वर आम्ही चौघं — साहेब, एक ड्राफ्ट्समन, चहापाण्यापासून बँकेपर्यंत सगळं बघणारे रामजीलाल, आणि मी. पत्रं टाइप करायची, नकाशे पाठवायचे, आलेलं टपाल उघडायचं. साहेबांचा ई-मेलही मीच चालवायची. त्यांच्या नावाने जे काही जायचं ते माझ्या बोटांनी जायचं. हे लक्षात राहू द्या.

साहेबांचं काम म्हणजे सांगणं. सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदार यायचे — जुन्या इमारतीवर मजला चढवायचा आहे, वर मशीन बसवायचं आहे, झेपेल का? साहेब जाऊन बघायचे, हातोडीने ठोकून कान लावायचे, आकडेमोड करायचे आणि कागदावर उत्तर द्यायचे. स्वतः ते काही बांधत नव्हते. ‘मेधाजी, आपण नुसता बोलतो,’ असं म्हणायचे. ‘मतलब, बोलणं आपला आणि वजन दुसऱ्याच्या डोक्यावर.’

म्हणूनच ते विमा कधी चुकवत नसत. आगीचा, चोरीचा विमा सगळ्यांना माहीत असतो. हा जरा वेगळा. सल्ला देऊन पोट भरणाऱ्यांचा — इंजिनिअर, आर्किटेक्ट, डॉक्टर, सीए. सल्ला चुकला, किंवा ऑफिसातल्या कुणाच्या हातून तो चुकीचा पोचला, आणि त्यात गिऱ्हाइकाचं नुकसान झालं, तर ते विमा कंपनी भरून देते. अट एवढीच, की चूक कळली की लगेच कळवायचं, आणि दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी काही लपवायचं नाही. त्याचा चार पानी फॉर्म मार्चअखेर जायचा. तो मी भरायची. सगळा, एक प्रश्न सोडून.

तो अकरावा. इंग्रजीत असायचा, आपल्या भाषेत सांगायचं तर असा — ज्यातून पुढे तुमच्यावर दावा होऊ शकेल अशी एखादी चूक, घटना किंवा तक्रार आज तुम्हाला ठाऊक आहे का?

हा प्रश्न साहेब स्वतः वाचायचे, मोठ्याने. मला समोर बसवून, चष्मा कपाळावर चढवून. मग विचारायचे, ‘बोला मेधाजी, काही आहे?’ मी म्हणायची, ‘काही नाही सर.’ ‘पक्का?’ ‘पक्का.’ मग स्वतःच्या पेनाने ‘नाही’ लिहायचे, खाली सही करायचे आणि दाराकडे तोंड करून ओरडायचे, ‘रामजीलाल, चाय लाओ भई, मेधाजी ने एक साल और बेदाग निकाल दिया!’ रामजीलाल आतून म्हणायचे, ‘चीनी कितनी साहब, साल के हिसाब से?’ दरवर्षी हेच. दरवर्षी आम्ही हसायचो.

एका वर्षी तक्रार होती. एका गोदामाच्या जिन्याची, किरकोळच. साहेबांनी ‘होय’ लिहिलं, पानभर हकीकत जोडली. कंपनीने दोन प्रश्न विचारले आणि पॉलिसी पाठवून दिली. म्हणजे ‘होय’ लिहिल्याने काही कोसळत नाही, हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे.

आणखी एक. साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, ‘हमारी मेधाजी के हाथ से गलती नहीं होती.’ मी मान खाली घालायची, नको नको म्हणायची. पण मला ते हवं असायचं. किती हवं असायचं ते मला पुढे कळलं. घरी मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई, एम. ए.चा उपयोग दिवाळी अंक वाचण्यापुरता. ह्या दोन खोल्यांत मात्र मी अशी बाई होते, जिच्या हातून चूक होत नाही.

आणि झाली.

सीतापुऱ्यातच खंडेलवालजी म्हणून एक गिऱ्हाईक होते. तयार कपडे परदेशी पाठवायचे. त्यांना पहिल्या मजल्यावर कपडे धुण्याची मोठी मशीनं बसवायची होती. साहेबांनी एक नकाशा काढला — मशीनं मधोमध. मग पुन्हा एकदा जाऊन आले, आणि त्या मजल्याला खालून पेलणारा मधला बीम त्यांना कच्चा वाटला. दुसरा नकाशा केला — मशीनं भिंतीलगत, खांबांच्या रांगेवर. मध्ये काहीही ठेवायचं नाही. ‘नया वाला भेज दीजिए,’ म्हणाले. ड्राफ्ट्समनपाशी बोलत होते, त्याच ओघात मला हिंदीत सांगितलं. दोन्ही फायलींच्या नावात एका आकड्याचा फरक. मी जुना पाठवला.

घाई होती का? नव्हती. डोकं दुखत होतं, मन भलतीकडे होतं? काही नाही. साधा दिवस होता. मी चुकीच्या नावावर बोट ठेवलं, बस.

हे इथेच संपलं असतं तर तुमचा वेळ मी घेतला नसता.

फेब्रुवारीत कुरियरने खंडेलवालजींचं पत्र आलं. पोचपावतीवर मी सही केली, पाकीट उघडलं. मधल्या बीमला चीर दिसते आहे, पाध्येसाहेबांनी येऊन पाहावं, असं लिहिलं होतं. मला नवल वाटलं — मध्ये तर वजनच नाही. मग मेल उघडून पाहिला. कुठला नकाशा गेला आहे ते पाहिलं. मशीनं बसून महिना झाला होता.

साहेब आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं. माझ्या खुर्चीपासून त्यांच्या टेबलापर्यंत आठ पावलं — एकोणीस वर्षांत हजारो वेळा चाललेली. मी उठले, पत्र हातात घेतलं, आणि पुन्हा बसले. पत्राची घडी घालून ते पर्समध्ये टाकलं. उद्या सांगू, असं म्हटलं. तुम्ही कधी असं ‘उद्या’ म्हटलं आहे का? म्हणताना ते किती खरं वाटतं, नाही?

त्या दुपारी मी साहेबांच्या नावाने खंडेलवालजींच्या मॅनेजरला बरोबर नकाशा पाठवला. वर एकच ओळ — सुधारित नकाशा सोबत आहे. आधीचा चुकून गेला होता, मशीनं आजच्या आज हलवा, खालून माणसं उठवा — ह्यातलं काही नाही. चूक मिटवायची होती, पण चूक होती हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. दोन दिवसांनी त्या मॅनेजरचा फोन आला.

‘मैडम, ये तो वही नक्शा है ना?’

‘देख लीजिए,’ मी म्हणाले. ‘थोड़ा बदला है.’

थोडा. हा शब्द मी वापरला.

‘और साहब कब आएँगे? दरार देखनी थी.’

‘बाहर गए हैं. बता दूँगी.’

साहेब बाहेर नव्हते. आत पेन्सिलीला टोक करत होते.

त्या बीमखाली बायका बसायच्या. हे मला माहीत होतं, कारण साहेबांबरोबर मी एकदा तिथे गेले होते. लांबच लांब टेबलं, दोन्ही बाजूंनी पंचवीस-तीसजणी — बटणं लावणाऱ्या, धागे कापणाऱ्या. सकाळी बस भरून येणाऱ्या. त्यांतल्या एका चष्मेवालीने मला बसायला जागा करून दिली होती, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं होतं. ‘बैठो आंटी, यहाँ पंखा लगता है,’ म्हणाली होती. पंखा बरोबर त्या बीमला टांगलेला होता. पत्र माझ्या पर्समध्ये गेल्यापासून पुढचे दहा-अकरा आठवडे ती त्या पंख्याखाली बसत होती. मी दर सकाळी देवाला दिवा लावायची आणि तिची आठवण येऊ नये म्हणून स्तोत्र मोठ्याने म्हणायची.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. मलाही पुष्कळ दिवस तसं वाटायचं. पण मी अजून तिथे पोचलेले नाही.

मार्चच्या शेवटी फॉर्मचा दिवस आला तो नेमका शीतला अष्टमीचा. इथे त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी केलेलं थंड खातात. रामजीलाल घरच्यांना घेऊन चाकसूला शीतलामातेच्या जत्रेला गेले होते. जाताना आमच्यासाठी डबा ठेवून गेले होते — पुऱ्या आणि ताकात शिजवलेली बाजरीची राबडी. सुट्टीच होती, फॉर्म द्यायचा म्हणून साहेब आणि मी दोघंच आलो होतो. खाली क्लास बंद, जिना गप्प.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. अकरावा प्रश्न वाचला. ‘बोला मेधाजी, काही आहे?’

पत्र पर्समध्येच होतं. पर्स माझ्या मांडीवर होती.

‘काही नाही सर.’

‘पक्का?’

‘पक्का.’

त्यांनी ‘नाही’ लिहिलं आणि सही केली. मग म्हणाले, ‘आज चाय नाही. आज बेदाग सालाची राबडी.’ वाटीत ओतून आधी मला दिली. थंड होती, चांगली झाली होती. मी ती संपवली.

एप्रिलमध्ये एका सोमवारी सकाळी वॉचमनने कारखाना उघडला तेव्हा टेबलांवर प्लास्टरचे ढिगारे पडले होते आणि बीम चार बोटं खाली आला होता. बीम खचला तेव्हा रविवार होता म्हणून आत कुणी नव्हतं. ह्यात माझं काही नाही. तो रविवार होता, एवढंच.

साहेबांनी धावत जाऊन टेकू लावून घेतले. परत आले ते खांद्यांवर पांढरी धूळ घेऊन. ‘त्यांनी मशीन बीचमध्ये का लावला, मेधाजी?’ असं विचारलं — मला नव्हे, भिंतीला विचारावं तसं. मी पाणी आणून दिलं.

पंधरा दिवसांत नुकसानभरपाईचा दावा आला. सोबत सगळे कागद: त्यांना गेलेला जुना नकाशा, फेब्रुवारीतल्या पत्राची प्रत, त्यावर माझ्या सहीची पोचपावती, आणि त्याच दिवशी साहेबांच्या ई-मेलवरून गेलेला सुधारित नकाशा. साहेबांनी मला आत बोलावलं. कागद टेबलावर ओळीने मांडले होते.

‘तो पत्र आला होता?’

‘आलं होतं सर.’

‘मग?’

इथे माझा हात थांबतो. तीनदा फाडलेली पानं इथवर कधी पोचलीच नाहीत. त्या ‘मग’नंतर मला एक क्षण मिळाला होता, तो लहान नव्हता. खालून क्लासमधला पाढ्यांसारखा एकसुरी आवाज येत होता, तो मी ऐकला, इतका मोठा होता. आणि मग मी म्हणाले —

‘मी तुमच्या टेबलावर ठेवलं होतं, सर. तुम्ही वाचलंत. म्हणालात, नवा नकाशा पाठवून द्या.’

‘मी वाचला?’

‘हो सर.’

‘मी बोललो, पाठवा?’

‘हो सर.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही — तसं पाहिलं असतं तर कदाचित मी फुटले असते. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा त्यांचा चेहरा झाला. चौसष्ट वर्षांचे होते. चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, शेजाऱ्याच्या जावयाचं नाव विसरायचे. कोण विसरत नाही? मी त्याच विसरण्याला हात घातला. मला माहीत होतं तिथे हात बसेल.

‘सॉरी मेधाजी,’ ते म्हणाले. ‘तुम्ही तर तुमचा काम केला.’ जुना नकाशा मुळात कसा गेला, हे त्यांनी विचारलंच नाही.

दाव्याची चौकशी करायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. सभ्य माणूस. कागद पुन्हा पुन्हा पाहून म्हणाला, ‘पाध्ये साहब, फरवरी में चिट्ठी आई, आपने सुधरा हुआ नक्शा भेजा, और मार्च में लिख दिया कि कुछ नहीं है. दो ही बातें हो सकती हैं. या तो आपने छुपाया, या आप भूल गए.’

साहेब म्हणाले, ‘छुपाया तो नहीं है.’

‘तो?’

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी फाइलची दोरी बांधत होते.

‘तो भूल गया हूँगा,’ ते म्हणाले.

त्यांना स्वतःबद्दल एकच गोष्ट पक्की माहीत होती — आपण खोटं बोललो नाही. मग उरलं काय? मी त्यांच्यापुढे दोनच रस्ते ठेवले होते, आणि त्यांच्यासारख्या माणसाला त्यांतला एकच चालता येणार होता.

कंपनीने दावा नाकारला. लपवलं काय नि विसरलं काय, फॉर्मवर ‘नाही’ होतं. आणि हे मी आठ वर्षं रोज स्वतःला सांगते आहे — नकाशा चुकीचा जाणं, ऑफिसातल्या बाईच्या हातून फाइल बदलणं, हेच तर त्या पॉलिसीत होतं. अगदी हेच. माझ्या चुकीचा विमा होता. ती आठ पावलं मी चालले असते तर साहेबांनी अर्धा तास चिडचिड केली असती, सीतापुऱ्याला पळाले असते, मार्चमध्ये ‘होय’ लिहून पानभर जोडलं असतं आणि रामजीलालना चहा सांगितला असता.

साहेबांनी तो मजला स्वतःच्या खर्चाने नीट करून दिला. चाकसूजवळ थोडी जमीन घेऊन ठेवली होती, म्हातारपणी तिथे राहायचं होतं, ती विकली. जमिनीबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांचं जे गेलं ते दुसरंच होतं.

त्यांनी वही केली. अरुंद, लांबट, खिशात मावणारी. कुणाचा फोन आला, काय बोललो, गॅस बंद केला, औषध घेतलं — सगळं लिहायला लागले. शालिनीवहिनी, त्यांच्या पत्नी, त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात एवढं चालायचंच, काही विशेष नाही. साहेबांना पटलं नाही. ‘डॉक्टर साहब, पूरी एक चिट्ठी चली गई,’ असं म्हणाले म्हणे. ‘मतलब, पूरी.’ त्याचं उत्तर डॉक्टरांच्या तपासण्यांत नव्हतं. ते माझ्याकडे होतं. मी बाहेर बाकावर बसले होते, वहिनींना सोबत म्हणून.

मग त्यांनी सह्या करणं सोडलं. ज्याला आलेलं पत्र आठवत नाही त्याने दुसऱ्याचं छत झेपेल की नाही हे कसं सांगावं, असा त्यांचा प्रश्न होता. वर्षभरात ऑफिस बंद झालं. हातोडी त्यांनी ड्राफ्ट्समनला दिली. गाडी चालवणंही सोडलं.

आणि मला फोन करायला लागले. रविवारी सकाळी, सात वर्षं. ऑफिस सुटल्यावर मी ‘मेधाताई’ झाले होते. ‘मेधाताई, एक पूछना होता. मी मागच्या हफ्त्यात तुम्हाला फोन केला होता का?’ ‘मेधाताई, रामजीलालच्या मुलीच्या शादीत आपण गेलो होतो ना? की मी घरी होतो?’ स्वतःच्या आठवणीवर भरवसा उरला नव्हता, म्हणून ते माझ्या आठवणीला विचारायचे. माझ्या! वहिनी म्हणायच्या, ‘ह्यांचा तुमच्यावर फार विश्वास. तुम्ही हो म्हणालात की शांत होतात.’ मी हो म्हणायची. खरं तेच सांगायची. एक सोडून सगळं खरं.

एकदा त्यांच्या बाल्कनीत बसलो होतो. साहेबांनी आपणहून सीतापुऱ्यातल्या एका जुन्या शेडची मापं सांगायला सुरुवात केली. खांब किती, बीम किती लांब, सळई कितीची. मग दुसऱ्या इमारतीची. मग तिसऱ्या. न अडखळता. मग थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘इतका आठवतो, मेधाताई. मग तो पत्र कुठे गेला?’

दार पुन्हा उघडं होतं. ह्या वेळी तर आठ पावलंही नव्हती.

‘होतं असं, सर,’ मी म्हणाले.

ते गेल्यावर हे सगळं त्यांच्याबरोबर संपेल असं मला वाटलं होतं. हो, असं वाटलं होतं — बैठकीत रडताना मनाच्या एका कोपऱ्यात थोडं हलकंही वाटलं होतं. हेही लिहून ठेवते.

साहेबांचा मुलगा निखिल चाळीस वर्षांचा आहे. इथेच एका कंपनीत आहे. गेल्या आठवड्यात घरी आला. नेहमी हसतखेळत येणारा मुलगा, सोफ्याच्या कडेवर बसला. महिन्याभरात दोनदा मीटिंग विसरला, एकदा मुलाला शाळेतून आणायचं विसरला. झोप नाही, वडील गेलेले, ऑफिसचं काम डोक्यावर — कुणीही विसरेल. पण त्याला भीती बसली आहे. डॉक्टरांनी एक फॉर्म भरून आणायला सांगितला आहे, घरात आधी कुणाला हा त्रास होता का, केव्हापासून. वहिनींना तारखा सांगता येत नाहीत, म्हणून तो माझ्याकडे आला.

‘काकू, पप्पांचा विसरणं त्या पत्रापासूनच सुरू झाला ना? मतलब, त्याच्याआधी असा काही नव्हता?’

बोलणं हुबेहूब वडिलांचं.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘त्याआधी काही नव्हतं.’

‘पक्का?’

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पेन उघडून धरलं होतं.

‘पक्का.’

त्याने लिहिलं — वडील, स्मरणशक्ती जाणे, वयाच्या चौसष्टाव्या वर्षापासून. अक्षरही तसंच, उजवीकडे कललेलं. मग फॉर्मची घडी घालत हसून म्हणाला, ‘चला, म्हणजे माझ्याकडे अजून चोवीस साल आहेत.’ मी त्याला चहा करून दिला. जाताना तो माझ्या पाया पडला.

तो गेल्यावर मी कपाटातला जुना दिवाळी अंक काढला. फेब्रुवारीतलं पत्र त्यात आहे. एवढ्या वर्षांत ते मी फाडलं नाही, जाळलं नाही. का, ते विचाराल तर सांगता येणार नाही. घडी जिथे होती तिथे कागद पिवळा पडला आहे. अक्षरं स्पष्ट आहेत.

सोमवारी निखिल डॉक्टरांकडे जाणार आहे. उद्या रविवार. सकाळी त्यांच्या घरी जायचं, हे पत्र द्यायचं आणि वाचून होईपर्यंत समोर बसायचं, असं ठरवलं आहे. दार वहिनी उघडतील. मला पाहून आत चहा ठेवतील. मी काय बोलेन ते लिहून पाहिलं, आणि त्यातलं ‘मला वाटलं होतं’, ‘माझा हेतू’, ‘माफ करा’ हे सगळं खोडत गेले. उरलं ते एवढं —

अकराव्या प्रश्नाचं उत्तर ‘होय’ होतं. पत्र माझ्याकडे आलं होतं. साहेबांनी ते कधी पाहिलंच नाही. ते काही विसरले नव्हते.